तरीही फॉर्मॅट मारला नाही

आपल्याकडे कॉम्प्युटरच्या झाडून सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे. फॉर्मॅट मार. मशीन मंद चालतंय? फॉर्मॅट मार. आवाज येत नाही? फॉर्मॅट मार. चार्जर सॉकेटमधून अर्धा बाहेर आलेला असला तरी सल्ला देणारा आधी फॉर्मॅट सुचवतो, प्लग नंतर बघतो. या सल्ल्याला पदवी लागत नाही, फी नसते, आणि ज्यांची एकही फाइल त्या मशीनवर नसते त्यांनाच फॉर्मॅटची सगळ्यात जास्त घाई असते.

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, डेबियन नावाच्या घराण्यातलं. त्यामुळे मला हे औषध जोडीने मिळतं. फॉर्मॅट मार आणि विंडोज टाक.

मी सोसायटीचा खजिनदार आहे. म्हणजे ज्या सभेत खजिनदार निवडला, त्या सभेत मी गैरहजर होतो. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, आणि आमची सोसायटी हा कायदा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पाळते. आदल्या रात्री मी ताळेबंद जुळवत बसलो होतो. लॅपटॉपची मेमरी ४ जीबी. तेवढ्या जागेत हिशेब, ब्राउझरच्या टॅबांची वरात आणि आईसाठी यूट्यूबवर लावलेलं कीर्तन असं सगळं दाटीवाटीने चाललेलं. अशात अपडेटची खिडकी वर आली. नवीन कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आहे म्हणाली. मी हो म्हटलं. कोणीही हो म्हणतो.

निळी पट्टी अर्ध्याच्या जरा पुढे सरकली आणि तिथेच थांबली. माउसचा बाण थांबला. घड्याळातला सेकंद थांबला. थांबले नाहीत ते फक्त बुवा. ते "विठ्ठल"च्या मधोमध अडकले. ठ्ठठ्ठठ्ठठ्ठठ्ठ, एकसारखं, दम न घेता. पुढचा आवाज कोणी पाठवत नसला की साउंड कार्ड हातात उरलेला शेवटचा तुकडाच पुन्हा पुन्हा वाजवत राहतं.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "बघ, देहभान हरपलं बुवांचं."

थोड्या वेळाने म्हणाली, "अजून हरपलेलंच आहे का रे?"

अशा वेळी आधी कॅप्स लॉक दाबून बघायचं असतं. दिवा लागला तर मशीन जिवंत आहे, नुसतं गुदमरलंय. माझा दिवा लागला नाही. दुसरा उपाय म्हणजे ऑल्ट आणि सिस-रिक्वेस्ट धरून एकामागून एक आर, ई, आय, एस, यू, बी दाबायचं. आर कीबोर्ड सोडवतो, ई सगळ्या प्रोग्रॅमांना जायची विनंती करतो, आय हाकलून देतो, एस मनातलं डिस्कवर उतरवतो, यू डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवतो आणि बी मशीन नव्याने सुरू करतो. इतकी सभ्य निरोपाची पद्धत मी आमच्या सोसायटीतही पाहिलेली नाही. अडचण एवढीच की सिस-रिक्वेस्ट नावाचं बटण माझ्या लॅपटॉपवर नाही. एफएन धरून प्रिंट स्क्रीन दाबलं तर ते तिथे असल्यासारखं वागतं, असं म्हणतात. बोटांची गाठ मारून सगळं केलं. मशीनने ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. बुवा गप्प झाले.

"संपलं इतक्यात?" आई.

पुन्हा सुरू केलं तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा लोंढा आला आणि शेवटी 'कर्नल पॅनिक' अशी पाटी लागली. खाली कारण: रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही, अननोन ब्लॉक, शून्य, शून्य. हिने खांद्यावरून वाकून वाचलं आणि म्हणाली, "त्याला पॅनिक व्हायला काय झालं? सभा तर तुझी आहे."

खरं तर कर्नलची बाजू रास्त होती. कर्नल जागा होतो तेव्हा त्याला डिस्क कशी उघडायची हेसुद्धा ठाऊक नसतं. त्यासाठी लागणारे ड्रायव्हर एका छोट्या गाठोड्यात बांधून सोबत दिलेले असतात. त्या गाठोड्याला इनिट-रॅम-एफएस म्हणतात. माझ्या मशीनवर नवा कर्नल उतरला, सुरुवातीच्या मेनूत त्याचं नाव चढलं, आणि गाठोडं बांधायच्या आधीच सगळं गोठलं. पठ्ठ्या रिकाम्या हाताने उठला आणि घरच सापडेना म्हणून ओरडला.

एव्हाना बातमी फुटली होती. मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, कशाला जागताय? फॉर्मॅट मारा आणि विंडोज टाका. तुमच्या त्या लिनक्सवर साधा प्रिंटर तरी चालतो का?"

प्रिंटर चालत नाही. या एका मुद्द्यावर तो मला वर्षानुवर्षं हरवतो. घरात चांगला प्रिंटर असून मी पेन ड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो, आणि त्याच्या कॉम्प्युटरमधले व्हायरस घरी आणतो. ते लिनक्सवर उपाशी मरतात, हे मेव्हण्याला कितीदा सांगितलं तरी पटत नाही.

फोन ठेवतो तोच समोरचे काका आले. खिडकीत दिवा दिसला म्हणून. त्यांनी पडदा नीट न्याहाळला, चष्मा वर केला, पुन्हा न्याहाळला आणि म्हणाले, "आमच्या चिरंजीवांना असंच झालं होतं. फॉर्मॅट मारला. क्लीन!" चिरंजीवांच्या साखरपुड्याचे फोटोही त्याच फटक्यात क्लीन झाले होते, हे अख्ख्या विंगला माहीत आहे. मी चहा विचारला नाही.

शेवटी सांगलीच्या मित्राला उठवलं. तो सर्व्हर सांभाळतो, म्हणजे रात्री उठवल्यावर रागवायचं नाही ही त्याच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. त्याने एकदाही फॉर्मॅटचं नाव काढलं नाही. "मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा, जुना कर्नल पकड," म्हणाला. डेबियन नवा कर्नल आणताना जुन्याला घराबाहेर काढत नाही, ही त्याची खानदानी सवय. जुना कर्नल निमूट उठला, त्याने डिस्क तपासली आणि मला एका काळ्याभोर पडद्यावर सोडलं. डेस्कटॉपचे निम्मे भाग नवे, निम्मे जुने, त्यामुळे चित्र यायचं नाव नाही.

"कंट्रोल, ऑल्ट, एफ तीन. काय दिसायलंय?"

"चौकोन."

"चौकोनात काय लिहिलंय?"

"काही नाही. नुसते चौकोन. ओळीच्या ओळी."

तिकडे शांतता. मग, "तू मशीन मराठीत ठेवलंयस काय?"

ठेवलंय. मेनू मराठी, तारखा मराठी, चुकांचे निरोपही मराठी. कुणा हौशी मंडळींनी बसून ती भाषांतरं केली आहेत आणि मला त्यांचं फार कौतुक आहे. पण लिनक्सच्या या मुळातल्या काळ्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात, आणि अक्षरांना काना-मात्रा जोडून दाखवायची त्याला अक्कल नाही. त्यामुळे मशीन मला शुद्ध मराठीत सगळं समजावून सांगत होतं आणि मला दिसत होतं बुद्धिबळाचं मैदान.

"निर्यात कर. एक्सपोर्ट, स्पेस, एल सी अंडरस्कोर ऑल, बरोबर, सी. सगळं कॅपिटल, एक्सपोर्ट सोडून."

चौकोन गेले, इंग्रजी आली. मग त्याने मुख्य मंत्र सांगितला. "सुडो, स्पेस, डीपीकेजी, स्पेस, हायफन हायफन कॉन्फिगर, स्पेस, हायफन ए."

"दोन हायफन जोडून की सुटे?"

"जोडून रे बाबा. सांगलीहून येऊन टाइप करू का?"

खरं म्हणजे हा मंत्र त्याने सांगायची गरजही नव्हती. डीपीकेजी, म्हणजे प्रोग्रॅमांची पॅकेजं बसवणारं खातं, मध्येच तुटलं की पुढच्या वेळी स्वतःच सांगतं, माझं काम अर्धवट राहिलंय, अमुक कमांड हाताने चालव. रोगी स्वतः चिठ्ठी लिहून देतो, फक्त ती वाचायला चौकोन नकोत.

पडद्यावर पॅकेजांची रांग सुरू झाली. डीपीकेजीच्या दप्तरात अर्धवटपणाचे वेगवेगळे दर्जे आहेत. फायली उघडल्या पण मांडणी नाही, मांडणी सुरू केली पण पुरी नाही, बसवायला घेतलं आणि तेही तुटलं. माझी बहुतेक पॅकेजं पहिल्या दोन दर्जांत होती. आंतरपाट धरलाय, दोन मंगलाष्टकं झालीत, आणि भटजींना फोन आलाय. ती सगळी लग्नं आता ओळीने लागत होती. मी वरपित्याच्या समाधानाने बघत होतो.

मध्येच एक फाइल आडवी आली. ही तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने बदललेली आहे, नवी घेऊ की तुमची ठेवू? नवी घ्यायची तर वाय किंवा आय. जुनी ठेवायची तर एन किंवा ओ. एकेका उत्तराला दोन दोन अक्षरं का, हे मित्रालाही सांगता आलं नाही. काही न करता एंटर मारला तर जुनी राहते, एवढं मात्र खाली स्पष्ट लिहिलेलं होतं. मी एंटर मारला. मध्यरात्रीनंतर माणसाने जुन्यावर विश्वास ठेवावा.

मग सगळं धाडकन थांबलं. भरून न येणारी चूक, काम बंद. कारण काय, तर एका पॅकेजच्या फायलींच्या यादीत शेवटच्या ओळीनंतर एंटर नाही! पॅकेज कुठलं, तर थाई लिपीचा एक फॉन्ट. मला थाई येत नाही. घरात कोणालाच येत नाही. सोसायटीत तर नाहीच नाही. तरी त्या फॉन्टच्या नावाने पूर्ण मशीन संपावर गेलं होतं. पॉवर तुटली तेव्हा ती यादी डिस्कवर नीट उतरलीच नव्हती, आत निव्वळ शून्यं भरलेली. ती फाइल मित्राच्या सांगण्यावरून बाजूला हलवली आणि पुन्हा तोच मंत्र म्हटला. डीपीकेजीने या खेपेला फक्त इशारा दिला: यादी सापडत नाही, तेव्हा या पॅकेजच्या फायली मुळात नाहीतच असं धरून पुढे जातो. असा ऑडिटर आम्हाला मिळाला असता तर मी खजिनदारकी आजन्म केली असती.

फॉन्ट नव्याने उतरवायला इंटरनेट हवं. वायफायची मनधरणी काळ्या पडद्यावरून कोण करणार! म्हणून फोनच केबलने जोडला आणि टेदरिंग सुरू केलं. मित्र, इंटरनेट आणि उरलेली बॅटरी असं सगळं त्या एका फोनवर लटकलं होतं. एपीटीला, म्हणजे इंटरनेटवरून पॅकेजं आणणाऱ्या प्रोग्रॅमला, 'फिक्स ब्रोकन' म्हटल्यावर तो उरलंसुरलं गोळा करू लागला.

ही जागीच होती. वेळ घालवायला मी तिला सांगितलं की इयान मरडॉक यांनी १९९३ साली आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं, आणि स्वतःचं नाव जोडून डेबियन हे नाव ठेवलं.

"बघ," ती म्हणाली. "आणि तू साध्या हॉटस्पॉटला माझं नाव दिलं नाहीस."

मी विषय बदलायला 'एपीटी मू' टाइप केलं. ही कमांड खरोखर आहे. पडद्यावर अक्षरांनी काढलेली एक गाय उभी राहते आणि विचारते, आज हंबरलात का? जगभरच्या सर्व्हरांवर ही गाय गुपचूप बांधलेली आहे. हिने गायीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि झोपायला गेली.

शेवटी राहिलेलं गाठोडं. इनिट-रॅम-एफएस सगळ्या कर्नलांसाठी नव्याने बांधलं, मेनूची यादी ताजी केली, मित्राचे आभार मानले (तो फोन तसाच ठेवून झोपला होता, घोरणं ऐकू येत होतं), आणि मशीन पुन्हा सुरू केलं. नवा कर्नल गाठोडं काखोटीला मारून उठला. डेस्कटॉप आला. मराठी आली, काना-मात्रांसकट. हिशेबाची फाइल उघडताना ऑफिसच्या प्रोग्रॅमने विचारलं, मागच्या वेळचं काम परत आणू का? आणलं. सत्तावीस हजारांचा फरक होता तसाच शिल्लक होता. तो शोधण्यात पहाट झाली. पाण्याच्या टँकरची बिलं दोनदा चढली होती.

सकाळी प्रती काढायला पेन ड्राइव्ह शोधत होतो तर पडद्याच्या कोपऱ्यात निरोप: प्रिंटर तयार आहे. मी काहीही केलेलं नव्हतं. रात्रीच्या त्या रांगेत छपाईची काही पॅकेजंही पुढे सरकली असावीत. भीतभीत एक प्रत सोडली. प्रिंटरने घसा खाकरला आणि ताळेबंद बाहेर ठेवला, समासासकट. मी कारण शोधायला गेलो नाही.

सभेत सगळा वेळ पार्किंगवर गेला. हिशेब कोणी वाचला नाही. वीज गेल्यावर माझ्या प्रतींनी सभासदांनी वारा घेतला. तेवढ्यात समोरच्या काकांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "छपाई सुरेख आहे हो. घरी काढल्यात?" मी अभिमानाने हो म्हटलं.

इतिवृत्तात नोंद अशी आहे: यापुढे सर्व सभासदांची मासिक देखभाल बिले खजिनदारांनी स्वतःच्या घरी छापून द्यावीत, कागद सोसायटीचा, शाई खजिनदारांची. ठराव सर्वानुमते मंजूर.