क्लोजर कॉलबॅकला थांबवत नाही

काल रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला : "मावशी, हे पाठ केलं तर चालेल ना? परवा कॅम्पसची मुलाखत आहे." सोबत जावास्क्रिप्टच्या क्लोजरबद्दल, म्हणजे आपल्या बाहेरची व्हेरिएबल्स धरून ठेवणाऱ्या फंक्शनबद्दल, चार मुद्द्यांचं एक चित्र. हेच चित्र गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलानेही दाखवलं होतं. पाठ करू नकोस गं बाई, त्यातलं बहुतेक चुकीचं आहे.

पहिला मुद्दा, "क्लोजर कॉलबॅकला ठरलेला वेळ थांबवून ठेवतो." साफ चूक. कॉलबॅक म्हणजे नंतर चालवायला दिलेलं फंक्शन, आणि त्याला थांबवतो तो टाइमर. हा टाइमर लावणाऱ्या सेटटाइमआउटची व्याख्या एक्मास्क्रिप्टच्या, म्हणजे खुद्द जावास्क्रिप्ट भाषेच्या, स्पेसिफिकेशनमध्ये नाहीच, ती एचटीएमएल स्टँडर्डमध्ये आहे. म्हणजे उशीर करण्याची सोय ब्राउझर देतो, क्लोजर नाही. हा गैरसमज कुठून आला तेही कळतं. दाखव हे आपलं एक फंक्शन आणि 1000 म्हणजे हजार मिलिसेकंद, एक सेकंद. सेटटाइमआउट(दाखव(5), 1000) लिहिलं की दाखव तिथल्या तिथे चालतं आणि टाइमरच्या हाती नुसतं त्याचं उत्तर पडतं. तेच () => दाखव(5) असं गुंडाळून दिलं की सेकंदाने चालतं. एवढं खरं, मान्य. पण सेटटाइमआउट(दाखव, 1000, 5) लिहिलं तरी सेकंदानेच चालतं, आणि इथे गुंडाळायला काहीच नाही.

दुसरा मुद्दा वाचून मात्र डोकं फिरलं. "क्लोजर व्हेरिएबलची व्हॅल्यू कॉपी करून ठेवतो." हे डोक्यात बसलं की पोरं दिवसदिवस बग शोधत बसतात. भाचीला फोनवरच लॅपटॉप उघडायला लावला. व्हॅर या व्हेरिएबल बनवायच्या जुन्या शब्दाने आय घे, 0 पासून 3 च्या आतपर्यंत लूप, आणि प्रत्येक फेरीत सेकंदाचा टाइमर लावून आय छाप. चित्र खरं असेल तर 0, 1, 2 यायला हवं. आलं 3, 3, 3. क्लोजर फळ्यावरचा आकडा वहीत उतरवून घेत नाही, तो फळाच धरून ठेवतो. टाइमर वाजेपर्यंत लूप संपलेला असतो, एकाच फळ्यावर 3 लिहिलेलं असतं आणि तिन्ही कॉलबॅक तेच वाचतात. चित्रात यावर उपाय काय, तर "वेळ वाढवा"! दहा सेकंद दिले तरी 3 च येणार. व्हॅर खोडून लेट लिही म्हटलं. 2015 च्या आवृत्तीपासून लेट लूपच्या प्रत्येक फेरीला नवा आय देतं, म्हणजे तीन वेगळे फळे. एवढा एकच शब्द बदलला आणि 0, 1, 2 आलं. फोनवर ती क्षणभर गप्पच झाली.

तिसरा, "वेळ 0 दिली की लगेच चालतो." नाही चालत. आधी हातातला कोड संपतो. सेटटाइमआउटला 0 देऊन खाली तीन सेकंद फिरणारा लूप लिहा, कॉलबॅक तीन सेकंदांनीच येईल. दिलेला आकडा म्हणजे कमीत कमी वेळ.

चौथा, "क्लोजरने मेमरी भरते, वापरू नका." अर्धं खरं. सेटइंटरव्हल, म्हणजे ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा वाजणारा टाइमर, चालू राहिला तर त्याच्या कॉलबॅकने धरलेला डेटा सुटत नाही, मग तो कितीही मोठा असो. पण तो बंद करायला क्लिअरइंटरव्हल आहे. क्लोजर टाळायचे तर क्लिकसारख्या घटनांवर चालणारे इव्हेंट हँडलरसुद्धा धड लिहिता येणार नाहीत.

आज संध्याकाळी तिला परत फोन करणार आहे. ते चित्र बाजूला ठेवून तिने मला 3, 3, 3 का येतं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं, असं ठरलंय.