कान नाही, तरी अठ्ठावीस हजार

तीन आठवडे झाले, डोकं अजून शांत होत नाही. एका रेकॉर्डचे अठ्ठावीस हजार रुपये मोजले मी. दोन वर्षं पगारातून थोडे थोडे बाजूला टाकलेले पैसे होते ते. जॅझ ट्रम्पेटवादक ली मॉर्गनच्या 'द साइडवाइंडर'साठी. विकणारा छातीठोकपणे म्हणाला, "ओरिजिनल फर्स्ट प्रेस, चौसष्टची. पुण्यात दुसरी दाखवा."

नाहीये ती फर्स्ट प्रेस, म्हणजे पहिल्या छपाईतली!

ही रेकॉर्ड काढणाऱ्या ब्लू नोट कंपनीच्या त्या काळातल्या रेकॉर्ड प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्यात प्रेस व्हायच्या. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी मोकळी काळी पट्टी उरते, तिच्यावर या कारखान्याची खूण असायची. आडवं पडलेलं इंग्रजी पी अक्षर, कानासारखं दिसणारं. जगभरचे जॅझवाले त्याला 'कान'च म्हणतात. 1966 मध्ये ब्लू नोट लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेली, प्रेसिंग दुसरीकडे सुरू झालं आणि कान गायब झाला. शिल्लक राहिलेली जुनी लेबलं मात्र नव्या मालकांनी वापरून संपवली. म्हणजे लेबल जुनं, पत्ता न्यूयॉर्कचाच, आणि रेकॉर्ड नंतरची. माझ्या गळ्यात मारली ती नेमकी अशी.

त्या माणसाने मला काय दाखवलं? 'व्हॅन गेल्डर'चा ठसा. "हे बघा, यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?" अहो, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरने कापलेल्या मूळ तबकडीवरूनच पुढची कितीतरी प्रेसिंग निघाली, तो ठसा त्यांच्यावरही येणारच! फ्लॅटमधल्या एका खोलीत दुकान, वर एक मिणमिणता दिवा, त्याने बोट ठेवलं तिथे मी पाहिलं. विश्वास ठेवला. घरी टेबललॅम्पखाली दोन्ही बाजू दहा वेळा फिरवून पाहिल्या. कान नाही. दुसऱ्या बाजूला एक लांब चरा, आणि कव्हरच्या आत बुरशीचा वास.

फोन केला तर म्हणतो, "सर, आवाज तोच आहे ना? मग काय फरक पडतो?" फरक पडत नसेल तर फर्स्ट प्रेसचे पैसे कशाचे घेतलेस? परत घे म्हटलं, तर "विकलेला माल परत घेत नाही."

आणि दुर्मीळ म्हणे! 'साइडवाइंडर' ही ब्लू नोटच्या सगळ्यात जास्त खपलेल्या रेकॉर्डपैकी एक. मागणी इतकी आली की कंपनीला पुरवठा करता करता नाकी नऊ आले. सॅक्सोफोनवादक हँक मोब्लीची 1957 सालची, 1568 नंबरची रेकॉर्ड महाग असते ते मला समजतं. मुळात थोड्या निघाल्या, त्यातल्या चांगल्या अवस्थेत फार कमी उरल्या. पण इथे जुनं कव्हर दिसलं की झाली दुर्मीळ.

हा रोग सगळीकडे पसरलाय. जुन्या बाजारात बुधवारी, रविवारी मी कॉलेजपासून जातोय. वीस-तीस रुपयांत एलपी मिळायच्या, धूळ झटकून घरी आणायच्या, साबणाच्या पाण्याने धुवायच्या. आता फाटक्या कव्हरातली, दमदमच्या कारखान्यात हजारोंनी निघालेली एचएमव्हीची रेकॉर्ड हातात घेतली की समोरचा मोबाइल पुढे करतो. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड विक्रीच्या वेबसाइटवर आधी झालेल्या विक्रीचे तीन आकडे असतात: सगळ्यात कमी, मधला आणि सगळ्यात जास्त. हे लोक फक्त तिसरा दाखवतात. तो आकडा ज्या रेकॉर्डला मिळाला ती नव्यासारखी असते. इथली चार पावसाळे माळ्यावर काढलेली, वाकडी झालेली, आणि तिला म्हणे व्हीजी प्लस, म्हणजे 'व्हेरी गुड प्लस' दर्जा. व्हीजी प्लसचा अर्थ तरी माहीत आहे का?

बाहेरून मागवावी तर कस्टम ड्यूटी नुसत्या रेकॉर्डवर नाही, टपालखर्च धरून येणाऱ्या एकूण किमतीवर. इथल्या विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते निर्धास्त असतात. जाणार कुठे हा?

सर्वांत जास्त चीड येते ती रेकॉर्ड घेऊन फ्रेम करून भिंतीवर टांगणाऱ्यांची. घरात टर्नटेबल नाही. "पाच वर्षांत दुप्पट होईल." अहो, प्लॉट घ्या ना मग! 'साइडवाइंडर'वर ड्रम वाजवणाऱ्या बिली हिगिन्सची झांज ऐकायला कोणीतरी दोन वर्षं पैसे साठवतंय, आणि तुम्ही ती काचेमागे ठेवून भाव चढवताय.

रास्ता पेठेतल्या माझ्या मामांनी रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकावरचा विलिस कोनोव्हरचा जॅझ कार्यक्रम ऐकून हे संगीत शिकून घेतलं. 1978 च्या 'जॅझ यात्रा' महोत्सवाला डेक्कन क्वीनने मुंबईला गेले, रंगभवनात बसून ऐकलं. त्यांच्याकडे एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता आणि जेमतेम चाळीस रेकॉर्ड. कोणीही यावं, मामा सुई टेकवायचे. किमतीची गोष्ट त्या घरात मी कधी ऐकली नाही. त्यांच्या हातात ही रेकॉर्ड द्यायची होती मला, खरी पहिली. शेवटी हीच दिली, फसलो ते काही बोललो नाही. त्यांनी डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली. दहा मिनिटांचं ते पहिलं गाणं, बॅरी हॅरिसचा पियानो, वर मॉर्गनचा ट्रम्पेट, सगळं तसंच झगझगीत. म्हणून तर जास्त राग येतो. संगीतात खोट नाही, विकणाऱ्यात आहे.

काल त्याच माणसाचा मेसेज आला, "सर, अजून एक ब्लू नोट आलीय, फर्स्ट प्रेस." कानाचा फोटो पाठव म्हणून कळवलं. मेसेज वाचलाय त्याने. उत्तर नाही.