सुकामेव्यातल्या ‘विषा’बद्दल खुलासा

‘बदामात सायनाइड आणि काजूत विष असतं, म्हणून मिश्र सुकामेव्यातून ते वेचून फेका, बाकी सगळं नैसर्गिक, बिनघोर खा’ असा संदेश फिरतो आहे. यातलं अर्धं सत्यही भलत्याच जागी लावलेलं आहे.

सायनाइड तयार होतं ते कडू बदामातल्या अमिग्डालिन या द्रव्यापासून. खाण्यासाठी विकले जातात ते गोडे बदाम. त्यांत ते नगण्य असतं. एखादा बदाम फारच कडू लागला तर थुंकून टाका, एवढं पुरे. काजूचं दाहक तेल गरात नसून टरफलात असतं, आणि ‘कच्चे’ म्हणून विकले जाणारे काजूही सहसा वाफवलेले किंवा भाजलेले असतात. (मी काजू बाजूला काढते, पण ती निव्वळ आवडनिवड.)

खरी काळजी घ्यायची ती बुरशीची, आणि संदेशात तिचं नावही नाही! बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत, पिस्त्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीने तयार केलेलं विष असू शकतं. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. असे दाणे सरळ टाकावेत. ब्राझील नटमध्ये सेलेनियम हे खनिज इतकं असतं की रोज मूठभर खाणं बरं नव्हे.

राहिलं ‘नैसर्गिक म्हणजे बिनघोर’. राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही. राजमा भिजवून, ते पाणी ओतून देऊन, ताज्या पाण्यात किमान १०, शक्यतो ३० मिनिटं खळखळ उकळावा. हिरव्या पडलेल्या बटाट्यातलं सोलॅनिन हे विषारी द्रव्य तर उकळूनही फारसं कमी होत नाही.