पाणक्याची नेमणूक

ट्रेकच्या ग्रुपमध्ये आपण पाण्याचा फिल्टर घेतलाय ही गोष्ट गुप्त ठेवावी. बातमी फुटली की पाणक्या म्हणून कायमची नेमणूक होते. पगार नाही, रजा नाही. बाकीचे सात जण राजगडावर पद्मावती तळ्याकाठी पाय पसरून भडंग खातात आणि फिल्टरवाला उकिडवा बसून पिशवी पिळतो. माणशी ३ लिटर धरले तर आठ जणांचे २४ लिटर. नवाकोरा फिल्टर लिटरला सव्वा मिनिट घेतो, म्हणजे अर्धा तास. गाळाने भरलेला तोच फिल्टर ६ मिनिटं घेतो, म्हणजे जवळजवळ अडीच तास. तेवढ्यात मंडळी बालेकिल्ला बघून, वर फोटो काढून, ‘झालं का रे पाणी?’ विचारायला खाली हजर.

वस्तू म्हणाल तर मुठीत मावणारी. प्लॅस्टिकची नळी आणि आत शेवयांसारख्या पोकळ तंतूंचा जुडगा. टाक्याच्या पाण्याने भरलेल्या पिशवीच्या तोंडावर ती फिरकीने बसवायची आणि पिशवी दाबायची. तंतूंच्या भिंतींना ०.१ ते ०.२ मायक्रॉनची भोकं असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाणी आत शिरतं, घाण बाहेर राहते. जुलाबांचा जुना मानकरी जिआर्डिया ८ ते १२ मायक्रॉनचा, तो दारातच अडतो. कॉलरा-टायफॉइडचे जिवाणूही अडतात. पण कावीळ देणारा हेपॅटायटिस ए चा विषाणू जेमतेम ०.०३ मायक्रॉनचा. त्याला ही भोकं म्हणजे शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा) जंतू तर लांबलचक असूनही इतका सडपातळ की ०.२ च्या भोकातून पिळा घेत निघून जातो. खोक्यावर छापलेले ते ‘९९.९९९९ टक्के’ छापाचे नऊ-नऊचे आकडे जिवाणूंचे असतात. विषाणूंचा विषय निघाला की बहुतेक खोकी मूग गिळून बसतात. पाण्यात विरघळलेलं खत किंवा कीटकनाशकही सुखरूप पलीकडे पोचतं.

विषाणू आणि लेप्टोसाठी म्हणून गाळल्यावर क्लोरीनची गोळी टाकायची आणि ३० मिनिटं थांबायचं, घड्याळातली. गोळी आधी टाकली तर तिचा जोर गाळाशी भांडण्यातच संपतो. चूल पेटलेली असेल तर त्याहून उत्तम: पाण्याला खळखळून उकळी आली की १ मिनिट पुरे. २००० मीटरच्या वर ३ मिनिटं लागतात, पण आपलं कळसूबाईच १६४६ मीटरचं असल्याने महाराष्ट्रात ही सबब चालत नाही.

खरं कौशल्य टाकं निवडण्यात आहे. सिंहगडाच्या देवटाक्याचं पाणी गांधीजी पुण्यात आले की मागवून घेत, असं सांगतात. त्या काळी टाक्यात वेफर्सची पाकिटं तरंगत नसावीत. उघड्या तळ्यापेक्षा कातळात आत खोदलेलं खांबटाकं बरं. ऊन कमी, म्हणून शेवाळ कमी. ज्या टाक्याच्या पायरीवर कोणी साबण विसरून गेलाय, ते सोडा. पाणी वरच्या थरातलं, न ढवळता घ्या. इथे कंपनीने दिलेली पिशवी असहकार पुकारते: साचलेल्या पाण्यात ती चपटीच राहते, कारण आत हवा नाही आणि तोंड बोटभर. बूड कापलेली कोल्ड्रिंकची बाटली जवळ ठेवा, तिने पाणी काढून पिशवीत ओता. बाटलीच्या तोंडावर पंचा किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा, चार पदरी. याला आजीबाईचा उपाय म्हणून हसू नका. बांगलादेशात मतलब भागातल्या गावांत साडीच्या अशाच घडीतून पाणी गाळायला लावलं, तर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. नव्या साडीपेक्षा जुनी सरस, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुगून वीण दाट होते. पावसाळ्यातलं चहाच्या रंगाचं पाणी असेल तर आधी तुरटी फिरवून तासभर निवळू द्या. आठ जणांना तासभर गप्प बसवणं जमलं तर कळवा.

आता वायसर. फिल्टर आणि पिशवी यांच्या मधोमध दहा पैशांचं रबरी कडं असतं आणि सगळ्या यंत्रणेचा जीव त्यात असतो. फिल्टर खोलून झटकला की ते उडतं, आणि कातळावर काळं वायसर शोधणं म्हणजे काय ते करून बघा. त्याच्याशिवाय फिरकी बसते, पाणीही येतं. फक्त न गाळलेला थेंब बाजूने ओघळत खालच्या स्वच्छ बाटलीत उतरतो. आठ दिवसांनी पोट बिघडतं आणि शिव्या तालुक्याच्या गावी खाल्लेल्या मिसळीला बसतात. दोन वायसर जास्तीची ठेवाच. घाणेरड्या पाण्याच्या बाटलीला लाल चिकटपट्टी लावा, नाहीतर अंधारात कोणीतरी तीच तोंडाला लावतो.

पिशवी गरगर पिळू नका, शिवणीतून फाटते. धार बारीक झाली की पिशवीवर जोर न लावता फिल्टर उलटा धुवायचा: सिरिंजमध्ये गाळलेलंच पाणी भरून स्वच्छ तोंडातून दणकून मारायचं. टाक्याचं पाणी मारलंत तर घाण थेट निर्मळ बाजूला नेऊन बसवलीत. सिरिंज मात्र हमखास घरी असते, कारण ‘जागा खाते’. तिच्या जागी सॅकमध्ये ब्लूटूथ स्पीकर असतो.

हिमालयात गेलात तर रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये, कुशीत. आतलं पाणी गोठलं की तंतू तडकतात आणि बाहेरून काही दिसत नाही. उलट धार सुधारल्यासारखी वाटते. शंका आली तर घरी ओल्या फिल्टरमध्ये पाणी शिरतं त्या तोंडाने फुंकर मारा. हवा पलीकडे निघाली, तर त्याची रवानगी भंगारात.

एवढं सगळं करून पाणक्या हात पुसतो, तोवर बाकीचे सात जण गडावरच्या झापात, म्हणजे झोपडीत, शिरलेले असतात. चुलीवर चहा पाऊण तास रटरटतोय. जिआर्डिया, कावीळ, लेप्टो, सगळ्यांचा निकाल लागलेला. गडावरचं ते सर्वांत बिनधोक पेय, आणि कोणी काही पिळलेलं नाही. फक्त पेला कुठल्या बादलीत विसळलाय, तेवढं बघून घ्या.