गोपनीयतेवर वाद घालायचाय? आधी बंदरावर या

सरकार आपल्या फोनात डोकावतं का, यावर तावातावाने भांडायचं असेल तर पुण्यामुंबईचा हॉल कशाला? संध्याकाळी मालवणच्या बंदरावर या. चहा आहे, श्रोते आहेत. तुम्ही कोणाचे, कोणाकडे उतरलात आणि रात्री काय जेवणार, हे तुमची बॅग खाली टेकायच्या आत सगळ्यांना ठाऊक असेल. तेव्हा ‘प्रायव्हसी’ हा शब्द जरा जपून काढा.

सुरुवात ठरलेल्या वाक्याने करायची: "माका काय्येक लपवूचा नाय." छाती थोडी पुढे. निम्मे विरोधक तिथेच गारद. पथ्य एकच, हे वाक्य बोलणाऱ्याच्या टोपलीत डोकावू नका. आमचे शेजारी काका हे वाक्य दिवसातून दोनदा तरी म्हणतात. परवा पहाटे ते बांगडा घेऊन आले. विचारलं, "काका, खंय गावलो?"

"दर्यात."

"दर्यात खंय?"

काकांनी टोपलीवर गोणपाट ओढलं आणि म्हणाले, "औंदा थंडी कमीच."

देवगडात जाऊन हापूसची पेटी वाशीला कितीला गेली ते विचारा, अशीच हवामानाची माहिती मिळेल.

समोरचा शिकलेला निघाला तर २४ ऑगस्ट २०१७ ही तारीख काढेल. सर्वोच्च न्यायालयातला पुट्टस्वामी खटला, गोपनीयता हा मूलभूत हक्क, नऊच्या नऊ न्यायाधीश एकमताने. दबू नका. आपल्याकडे पाच भाऊबंद सातबाऱ्यावर एकमत करत नाहीत, म्हणून आकडा मोठा वाटतो इतकंच. तुम्ही लगेच २०२३चा डेटा संरक्षण कायदा पुढे करा. कुंपण चांगलं घातलंय, फक्त कलम १७ नावाचं बेडं सरकारपुरतं उघडं ठेवलंय: अधिसूचना काढली की हव्या त्या सरकारी यंत्रणेला सूट. त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे)ला पाचर मारली. त्यामुळे तुम्ही सरकारी फाईल मागायला गेलात की ती कोणाची तरी वैयक्तिक माहिती ठरू शकते. गोपनीयतेची काळजी कोणाला नाही म्हणता?

पेगॅससचा, म्हणजे फोनात गुपचूप घुसणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा, विषय निघाला तर आनंद माना, तो कुठल्याही बाजूने वाजवता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत काहीतरी घातक सापडलं, पण ते पेगॅससच, असं ठरलं नाही. आणि सरकारने सहकार्य केलं नाही, असंही समितीने सांगितलं. आपल्या सोयीचं अर्धं उचला, उरलेलं चहावाल्याकडे ठेवा.

मोहिमेत सामील व्हायचंच असेल तर घरबसल्या व्हा. जानेवारी २०२१मध्ये ‘व्हॉट्सअ‍ॅप सोडा, सिग्नलवर चला’ हा निरोप आमच्या वाडीत सगळ्यांना मिळाला. व्हॉट्सअ‍ॅपवर. मी गेलो. आठवडाभर तिथे मी आणि पुण्याचा भाचा, दोघेच. "आज आमटी कसली?" एवढं गुपित कडेकोट बंदोबस्तात पाठवलं आणि परत आलो, कारण लाइट कधी येणार ते व्हॉट्सअ‍ॅपवरच कळतं.

खरी मजा मात्र समुद्रात आहे. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरात पंतप्रधानांनी एका योजनेचा आरंभ केला: देशभरातल्या एक लाख मच्छीमार बोटींवर ट्रान्सपॉन्डर. फोनला रेंज नसते तिथूनही बोट कुठे आहे ते उपग्रहावरून किनाऱ्याला कळावं म्हणून. वादळात हेच यंत्र जीव वाचवेल, त्यात खोट काढू नये. शिवाय २००८मध्ये मुंबईवरचे हल्लेखोर याच समुद्रातून, पळवलेल्या मच्छीमार बोटीने आले होते, हेही विसरून चालणार नाही. इथे भूमिका कशी घ्यावी ते काकांकडून शिका. एलईडी दिव्यांनी मासळी ओढणाऱ्यांवर आणि बाहेरून घुसणाऱ्या ट्रॉलरवर ड्रोन फिरायलाच हवेत, ही सुरक्षा. आपल्यावर फिरले तर? "आमच्या होडयेर कित्याक?"

त्यांना यंत्राची माहिती मीच दिली. बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे बांगडो खंय गावता, तां सरकाराक कळतला?"

"बोट कुठे थांबली ते कळेल."

"सरकाराक कळांदे." त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज आणखी उतरवला. "शेजारच्या बोटवाल्याक नाय मां कळूचा?"