"धाक गेला आणि अभ्यास गेला" म्हणे

ग्रुपवर तोच मेसेज या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. "आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो. पुढे जग काय गोंजारणारे का? ओरडलं की पोरं सुधारतात, कौतुक केलं की डोक्यावर बसतात. बालकेंद्री शिक्षण म्हणजे नुसते लाड." खाली अंगठ्यांची रांग. दोनदा गप्प बसले, आता लिहितेच, इतकी वर्षं वर्गात उभी राहतेय, तेवढा तरी हक्क आहे.

मार खाल्ला म्हणून घडलात, की खाऊनही घडलात? ज्याने छडीच्या भीतीने शाळाच सोडली तो या ग्रुपवर आहेच कुठे स्वतःचं सांगायला. 2016 साली एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या संशोधकांनी मुलांना फटके देण्यावरचे 75 अभ्यास एकत्र करून तपासले, दीड लाखाच्या वर मुलं होती त्यात. फटक्यांनी मूल सुधारल्याचं काही दिसलं नाही, उलट आक्रमकपणा आणि मानसिक त्रास यांच्याशीच संबंध निघाला. हे घरातल्या फटक्यांचं आहे, शाळेतल्या नाही, मान्य. पण छडीच्या बाजूने असं काय आहे तुमच्याकडे, तुमच्या स्वतःच्या आठवणी सोडून?

जग गोंजारणार नाही, बरोबर. म्हणून सुरुवात आपणच करायची का?

आता तो ओरडण्याचा मुद्दा, कारण हा खरंच अनुभवातून आलेला वाटतो आणि म्हणूनच जास्त फसवतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवत होते तेव्हा एक प्रशिक्षक हेच बोलला, की पायलटने कसरत छान केली आणि मी शाबासकी दिली की पुढची बिघडते, झापलं की पुढची सुधारते. कानेमननी ओळखलं की यात शाबासकीचाही हात नाही आणि झापण्याचाही नाही. एखादी कसरत नेहमीपेक्षा फारच भारी झाली तर पुढची बहुतेक थोडी कमीच होणार, आणि फारच वाईट झाली तर पुढची आपोआप बरी होणार, माणूस आपल्या नेहमीच्या पातळीवर परत येतो. आपण ओरडतो कधी, तर पेपर सगळ्यात वाईट गेला तेव्हा. पुढचा बरा जातो आणि श्रेय आपल्या आवाजाला!

राहिला लाडांचा आरोप. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंडने 1960 च्या दशकातच आईवडिलांच्या पद्धती वेगवेगळ्या करून दाखवल्या होत्या, धाकात ठेवणारे एक, मोकाट सोडणारे दुसरे, आणि तिसरे म्हणजे अपेक्षा पक्क्या ठेवून मुलाचं ऐकूनही घेणारे. मेसेजवाल्यांना पहिले दोनच माहीत. आम्हा शिक्षकांतलेही काही जण प्रत्येक चित्रावर स्टार चिकटवत सुटतात ते चूकच, 1973 च्या एका प्रयोगात बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावलेली छोटी मुलं नंतर स्वतःहून चित्राकडे कमी वळली. मार्कांचंही तसंच, रूथ बटलर या संशोधिकेच्या 1988 च्या अभ्यासात ज्यांना वहीवर फक्त शेरा मिळाला, काय जमलं काय नाही असा, त्यांचा रस टिकला, मार्क आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचा नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा अपूर्णांकांच्या पेपरात पानं कोरी सोडायचा. आधीच्या वर्गात चुकलं की मार, मग न लिहिलेलं बरं. मी रोज एकच सांगितलं, चुकीचं चालेल, कोरं चालणार नाही (हे लाड म्हणा हवं तर, त्याला तर शिक्षाच वाटत होती). महिनाभराने त्याने लिहिलं, एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा. का रे? तर म्हणे, आठ चारपेक्षा मोठे ना. एवढीच अडकलेली गोष्ट, कागदाची घडी घालून दहा मिनिटांत सुटली, पण कोऱ्या पानावर ती मला दिसली असती कशी?