‘आमेन’ लिहिल्याने विश्वस्तांचा ठराव होत नाही

पुणे कॅम्पापासून पिंपरीपर्यंत अनेक ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या सभासदांच्या) व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की चर्च धार्मिक संस्था असल्याने धर्मादाय आयुक्तांचे नियम तिला लागू नाहीत. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) व सचिवांची सही झाली की विश्वस्तांचा ठराव झाला. बैठकीऐवजी गटावर बहुतेकांनी ‘आमेन’ लिहिले तरी पुरे. आणि मंडळीची जागा कोणाला द्यायची, हे विश्वस्तच ठरवतील. यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 मधील सार्वजनिक न्यासाच्या (ट्रस्टच्या) व्याख्येत देऊळ, मठ, अग्यारी यांच्याबरोबर चर्चचा स्पष्ट उल्लेख आहे. घटनेचे कलम 26 धर्माच्या बाबतीत स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क देते हे खरे. पण मालमत्तेचा कारभार ‘कायद्यानुसार’ करावा, असेही तेच कलम सांगते. रतिलाल गांधी खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने याच अधिनियमाच्या काही तरतुदी रद्द केल्या, मात्र नोंदणी आणि हिशेब यांची चौकट कायम ठेवली. प्रभुभोजनाचा (भाकर व द्राक्षारसाचा) विधी कसा करावा हे आयुक्त सांगू शकत नाहीत. दानपेटीचा हिशेब मात्र विचारू शकतात.

सहीविषयीचा गैरसमज अधिक नुकसान करतो. न्यासाची जबाबदारी सर्व विश्वस्तांवर एकत्रितपणे असते आणि नियमावलीत तशी तरतूद असल्याशिवाय दोघांनी उरलेल्यांच्या वतीने निर्णय घेता येत नाही. सही ही झालेल्या ठरावाची अंमलबजावणी असते. बहुमताने निर्णय होत असला, तरी बैठकीची सूचना प्रत्येक विश्वस्ताला गेली पाहिजे, कारण विरोध करणाऱ्याला वगळून मिळवलेले बहुमत न्यायालयात टिकणे कठीण असते.

‘आमेन’चे काय? नियमावलीत लेखी संमतीने ठराव करण्याची मुभा असेल, तर पूर्ण मसुदा प्रत्येकाकडे पाठवून, आलेली उत्तरे जपून, पुढील बैठकीत त्याची नोंद घ्यावी. मुभा नसेल, तर बैठक घ्यावीच लागते. समजा, पाळकसाहेबांच्या बंगल्याच्या छताची दुरुस्ती करायची आहे. इतिवृत्तात उपस्थितांची नावे, गणपूर्ती, आलेली दरपत्रके, सूचक, अनुमोदक आणि विरोध करणाऱ्याचे कारणही यावे. कंत्राटदार एखाद्या विश्वस्ताचा मेहुणा असेल, तर त्या विश्वस्ताने ते नाते आधीच सांगून मतदानातून बाहेर राहावे आणि तशी ओळही लिहिली जावी. ‘चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ एवढ्यावर भागवलेले इतिवृत्त पुढे वाद झाल्यास कोणाच्याच उपयोगी पडत नाही, आणि त्याचा त्रास बहुतेक वेळा प्रामाणिक विश्वस्तांनाच होतो.

जागेबाबत याच अधिनियमाचे कलम 36 स्पष्ट आहे. स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा दान, तसेच शेतजमिनीचा दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमिनीचा किंवा इमारतीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध ठरत नाही. मोबाइल टॉवरसाठी आवारातील जागा नऊ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची, तर एकमताचा ठरावही अपुरा आहे.

विश्वस्त बदलले, तर त्या बदलाचा अहवाल कलम 22 नुसार 90 दिवसांत सादर करावा लागतो. निवड वैध होती हे दाखवण्यासाठी त्याला बैठकीची सूचना आणि इतिवृत्त जोडावे लागते. तेथे गटावरच्या संदेशांचा स्क्रीनशॉट चालत नाही.